गोळी पंधरा दिवसांची, फड सहा महिन्यांचा

पत्र

मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी एम.डी. मेडिसिन, वय ३३. मराठवाड्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात तीन वर्षं नोकरी करते. नवरा बालरोगतज्ज्ञ, त्याचा स्वतःचा दवाखाना आहे. मुलगी चार वर्षांची.

मार्चमध्ये एक पेशंट आला. वय ५२, ऊसतोड कामगार. फडावरून नुकताच परतलेला. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. बायको म्हणाली, बीपी होतं, आमच्याच ओपीडीतून दिवाळीआधी पंधरा दिवसांच्या गोळ्या नेल्या होत्या. जिल्ह्याला पाठवलं. तिथे सीटीत मेंदूत रक्तस्राव निघाला. एका खासगी हॉस्पिटलात सरकारी योजनेतून अकरा दिवस ठेवलं आणि घरी सोडलं. आता अंथरुणावरच आहे. त्या अकरा दिवसांचे पैसे सरकारने भरले. ज्या गोळीने हे कदाचित टळलं असतं, ती मात्र योजनेत बसत नाही. तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय.

आरोग्यसेवा लोकांपर्यंत पोचते कशी, पैसा कुठून कुठे जातो आणि त्याप्रमाणे डॉक्टर नि दवाखाने कसे वागतात, याचा अभ्यास करावासा वाटतो. परदेशात एम.पी.एच.ला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, प्रवेश मिळू शकेल. सासरे म्हणतात, एम.डी. होऊन कागदं रंगवणार का? जिल्ह्याच्या गावी एका नव्या हॉस्पिटलने आयसीयूची जबाबदारी देऊ केली आहे. पैसे आताच्या तिप्पट. पण पहिल्याच बैठकीत सांगितलं, 'बेड भरलेले राहिले पाहिजेत.'

प्रॅक्टिस सोडून संशोधनात जाऊ का? गेले तर हातचं कसब जाईल का? आणि आपल्याकडे अशा अभ्यासाने खरंच काही बदलतं का?

— एक अस्वस्थ डॉक्टर

उत्तर

डॉक्टर,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही तुमच्यासारखीच चिडले. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यावर अडले: 'दिवाळीआधी पंधरा दिवसांच्या गोळ्या नेल्या होत्या.' तुम्ही ते घाईत लिहून पुढे योजनेवर गेलात. मी तिथेच बसले.

माणूस दिवाळीआधी गेला आणि मार्चमध्ये परतला. हातात गोळ्या पंधरा. फडावर असताना त्या संपल्यावर त्याने काय करायला हवं होतं? पहाटे अंधारात तोडणी सुरू होते, गाडी भरायला कधी रात्र होते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडायचीच असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एकटा नवरा दवाखान्यात गेला तरी काम दोघांचं अडतं. खाडा पडला की पैसे कापले जातात. त्यातून गेलाच एखादा तालुका सोडून दुसऱ्या जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रात, तर तिथे त्याचं कार्ड नाही, नाव नाही, शिवाय बीपी काही दुखत नाही. या माणसाने गोळी का सोडली हे कळायला योजनेचं एकही पान उघडावं लागत नाही.

आणि पंधराच गोळ्या का दिल्या? तुमच्या फार्मासिस्टला विचारलंत का? मी पैजेवर सांगते, तो म्हणेल, 'मॅडम, सगळ्यांना महिन्याच्या दिल्या तर वीस तारखेला साठा संपतो, मग ओरडा मलाच.' त्याच्या जागी तुम्ही-मीही पंधराच दिल्या असत्या.

ज्याला आपण इन्सेन्टिव्ह म्हणतो तो फक्त डॉक्टरच्या खिशात नसतो. मुकादमाच्या वहीत असतो, औषधांच्या मागणीपत्रकात असतो, महिन्याच्या आढावा बैठकीत असतो. आपल्या मराठीत 'प्रोत्साहन' म्हटलं की बक्षीस समारंभ डोळ्यांसमोर येतो, त्यामुळे घोटाळा होतो. माणसाला एखादी गोष्ट करणं सोपं किंवा न करणं महाग करणारं जे जे काही असतं, ते सगळं यात आलं.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय गाजला, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ते तुम्हाला आठवत असेल. तेव्हा सगळा रोख खासगी डॉक्टरांवर होता, आणि तो चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. अंगावरून जातं म्हणून आलेल्या तिशीतल्या बाईला 'पिशवीला कॅन्सर होईल' अशी भीती घालणारे आपल्याच धंद्यातले लोक आहेत. पण त्या बाईच्या बाजूने हिशेब मांडून बघा. पाळीच्या चार दिवसांत खाडा परवडत नाही, फडावर आडोसा नाही, पाणी नाही, दोन मुलं झालेली आहेत. डॉक्टर भीती घालतो आणि मुकादमाची वही त्याला दुजोरा देते. निव्वळ डॉक्टरांचा पैसा मोजायला निघालेल्या संशोधकाच्या हाती यातलं अर्धंच लागलं असतं.

आता माझी एक फजिती सांगते. करिअरच्या सुरुवातीला मी एका तालुक्यातल्या उपकेंद्रांची गरोदर मातांची रजिस्टरं तपासत होते. एका रजिस्टरमध्ये पानामागून पान बीपी १२०/८०. जवळजवळ सगळ्या बायकांचं. मला घबाड सापडल्यासारखं झालं. कामचुकारपणावर झणझणीत टिपण लिहिलं, वरिष्ठांना दाखवलं, शाबासकीही मिळाली. नंतर त्या सिस्टरांना भेटायला गेले. त्यांनी एक शब्द न बोलता कपाटातून बीपीचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. पारा गळून गेलेला, रबराला चीर. आठ महिन्यांपूर्वी बदलून मागितल्याच्या पत्राची पोच फाईलमध्ये होती. म्हणाल्या, 'रकाना रिकामा ठेवला तर मीटिंगमध्ये उभं करतात. भरला तर कोणी काही विचारत नाही.'

मी ते टिपण फाडलं. खरं सांगायचं तर लगेच नाही, आठवडाभर जिवावर आलं होतं. तोवर ते वर गेलेलं होतं आणि सिस्टरांना नोटीस निघाली होती. ती मागे घ्यायला मला चार खेपा घालाव्या लागल्या. यंत्र मात्र त्यानंतरही लवकर आलं नाही.

हे सांगण्याचं कारण म्हणजे तुमच्या पत्रात राग भरपूर आहे आणि उत्तर आधीच ठरलेलं आहे. राग असू द्या, त्याच्याशिवाय या कामात कोणी टिकत नाही. उत्तर तेवढं सध्या बाजूला ठेवा.

योजनेवरचा तुमचा मुद्दा मात्र पक्का आहे, तो सोडू नका. आपली राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचं नाव मिळालं आणि २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत जन आरोग्य योजना आली. या साऱ्यांची घडणच दाखल होण्यावर बेतलेली आहे. पेशंट ॲडमिट झाला, पॅकेज लागलं, फाईल गेली, पैसे आले. पक्षाघाताची फाईल करता येते. न झालेल्या पक्षाघाताची करता येत नाही. शिवाय बीपीच्या गोळ्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमातून येतात, त्यांची पिशवी वेगळी. एका पिशवीतून गोळ्यांवर चार पैसे जास्त गेले आणि त्यामुळे दुसऱ्या पिशवीतले हजारो वाचले, तर त्याचं श्रेय पहिल्या पिशवीवाल्याला कोणी देत नाही. हिशेब जुळवायला दोन्ही पिशव्या एकत्र ओतून बघणारं कुणीतरी लागतं. (एवढंही विसरू नका की ही योजना नसती तर त्या कुटुंबाने अकरा दिवसांसाठी पुढच्या दोन मोसमांची उचल घेतली असती.)

आता 'हातचं कसब जाईल का' या प्रश्नाकडे येते.

अमेरिकेतली एक गोष्ट या क्षेत्रात सगळ्यांना तोंडपाठ असते. २०१० च्या तिथल्या आरोग्य कायद्याने ठरवलं की हृदयविकाराचा झटका, हार्ट फेल्युअर आणि न्यूमोनियाचे पेशंट घरी गेल्यावर तीस दिवसांच्या आत ज्या हॉस्पिटलचे प्रमाणाबाहेर पुन्हा भरती होतात, त्यांचे मेडिकेअरचे (म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीच्या तिथल्या सरकारी विम्याचे) पैसे कापायचे. ऑक्टोबर २०१२ पासून कपात सुरू झाली, पुढे ती तीन टक्क्यांपर्यंत गेली. पुन्हा भरती होण्याचं प्रमाण उतरलं. सगळे खूश. मग २०१८ मध्ये बोस्टनचे हृदयरोगतज्ज्ञ ऋषी वधेरा आणि सहकाऱ्यांनी मेडिकेअरचेच आकडे घेऊन दाखवलं की हार्ट फेल्युअर आणि न्यूमोनियाच्या पेशंटांमध्ये घरी गेल्यानंतरच्या तीस दिवसांतले मृत्यू वाढलेले दिसतात. दुसऱ्या बाजूला येल विद्यापीठातल्या हार्लन क्रमहोल्झ यांचा गट. हे मोजमाप घडवण्यात त्यांचा हात होता, तेही हृदयरोगतज्ज्ञच. त्यांच्या गटाचं म्हणणं, मृत्यू या धोरणामुळे वाढले असं आकडे सांगत नाहीत.

ते भांडण कोणी जिंकलं यात मी तुमचा वेळ घालवत नाही. मला त्यातली एकच गोष्ट तुम्हाला दाखवायची आहे. अशी शंका येण्यासाठी रात्री दोन वाजता धापा टाकत आलेला हार्ट फेल्युअरचा पेशंट बघितलेला असावा लागतो. कॅज्युअल्टीत उभ्या असलेल्या डॉक्टरला माहीत असतं की 'भरती करू नका' असा वरून दाब असला तर त्या पेशंटला लॅसिक्स (अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारं औषध) देऊन, सहा तास खाटेवर बसवून घरी पाठवता येतं. अर्थशास्त्रज्ञाला हे आकड्यांत शोधावं लागतं, तुम्हाला ते डोळ्यांनी दिसतं. म्हणून वॉर्ड पूर्ण सोडू नका. आठवड्याला दोन दिवस ओपीडी, महिन्यातून काही रात्री ड्युटी, एवढं कायम ठेवा. हात थोडा बोथट होईल. माझाही झाला. सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेतली नळी, टाकायला मी आज धजणार नाही. पण पेशंटशी बोलण्यातली अक्कल त्याने वाढतेच.

उलट बाजूही ऐका. डॉक्टरांना आपण बघितलं तेच खरं वाटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशात खासगी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझेरियनने झाली, सरकारीत १४.३ टक्के. हे वाचून तुम्ही लगेच निष्कर्ष काढाल. पण खासगीत जाणारी बाई आणि सरकारीत जाणारी बाई एकसारखी आहे का? वय, पहिलं बाळंतपण की तिसरं, वजन, आधीचं सिझेरियन, भूल देणारा डॉक्टर हजर आहे की नाही, हे सगळं बाजूला काढल्यावर जो फरक उरेल तो पैशाचा. उरेल, पुष्कळ उरेल, माझीही तशी खात्री आहे. पण किती उरेल हे सांगण्याचं शास्त्र शिकावं लागतं, आणि त्यासाठीच पदवी हवी. नावापुढे अक्षरं वाढवायला ती घेऊ नका.

या शास्त्रात आपल्या देशात फार सुंदर कामं झाली आहेत. मध्य प्रदेशातल्या खेड्यांत अर्थतज्ज्ञ जिष्णू दास आणि सहकाऱ्यांनी शिकवून तयार केलेले नकली रुग्ण डॉक्टरांकडे पाठवले. एकाची छातीत दुखण्याची तक्रार, एकाची दम्याची, एक घरी असलेल्या बाळाच्या जुलाबाचं सांगणारा. त्यात एक खुबी होती: तोच सरकारी डॉक्टर आरोग्य केंद्रात असताना एक नकली रुग्ण जायचा, आणि संध्याकाळी स्वतःच्या खासगी दवाखान्यात असताना दुसरा. ज्ञान तेच, माणूस तोच. खासगीत त्याने जास्त वेळ दिला, जास्त प्रश्न विचारले आणि बरोबर उपचारही जास्त वेळा केले. २०१६ मध्ये हे छापून आलं. 'डॉक्टरांना प्रशिक्षण द्या' हे आपल्या प्रत्येक समितीचं लाडकं वाक्य. हा अभ्यास वाचल्यापासून मी ते ऐकलं की चहा मागवते.

मग सरकारी नोकरीतही हजेरीला पैसे जोडले की झालं? उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर या संस्थेने अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि रेचेल ग्लेनर्स्टर या अर्थतज्ज्ञांसोबत ते करून पाहिलं. उपकेंद्रांतल्या नर्सबाईंची हजेरी तारीख-वेळ उमटवणाऱ्या यंत्रावर, आणि गैरहजर राहिलं की पगारातून कपात. सुरुवातीचे काही महिने हजेरी दुपटीच्या आसपास गेली. मग आरोग्य खात्यातूनच 'आज मीटिंग होती', 'आज सर्वेक्षण होतं' अशा सवलतीच्या दिवसांना मान्यता मिळू लागली. सोळा महिन्यांनंतर इन्सेन्टिव्ह असलेलं उपकेंद्र आणि नसलेलं उपकेंद्र यांच्यात फरक उरला नव्हता. साहेबांनीच वाट करून दिली. २००८ मधला हा निबंध नोकरीत असलेल्या प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याने वाचावा. प्रत्येक पानावर ओळखीचा माणूस भेटतो.

'काही बदलतं का' या तुमच्या प्रश्नाला मी हो किंवा नाही असं उत्तर देणार नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आकडे आले, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. २०११ मध्ये देशभरच्या आशांना ते काम दिलं गेलं, बेचाळीस दिवसांत ठरलेल्या भेटी पूर्ण केल्या की २५० रुपये. म्हणजे बदललं, फार मोठं बदललं. आणि तरीही मी खेड्यात गेले की आशाताईंना विचारते, तापमापक चालू आहे का? पैसे भेटीचे मिळतात, फॉर्म भरला की भेट झाली. भेटीत बाळाचं अंग गार आहे का ते हात लावून पाहिलं की नाही, याचे वेगळे पैसे नाहीत. गडचिरोलीत त्यामागे देखरेख होती, पाठीवर हात होता. तो हात देशभर पोचवायचा कसा, हा तुमच्या पिढीचा विषय.

अपयशाचीही तयारी ठेवा, आणि ते छापायची तर नक्कीच. बोस्टनचे सर्जन अतुल गावंडे, वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे, त्यांच्या गटाने उत्तर प्रदेशात १२० दवाखान्यांमध्ये बाळंतपणाच्या चेकलिस्टचा प्रयोग केला. निम्म्या दवाखान्यांत चेकलिस्ट आणि सोबत शिकवायला येणारी परिचारिका, निम्म्यांत नेहमीचा कारभार. दीड लाखाहून जास्त माता आणि बाळं. हात धुणं, बीपी घेणं, बाळंतपणानंतर लगेच ऑक्सिटोसिन देणं अशा अठरा गोष्टींपैकी दोन महिन्यांनी ७३ टक्के होत होत्या, दुसरीकडे ४२ टक्के. शिकवणारी जायची थांबल्यावर त्या ६२ वर घसरल्या. आणि मृत्यू व गंभीर गुंतागुंत? १५.१ टक्के आणि १५.३ टक्के. काहीही फरक नाही. इतक्या वर्षांचं काम, आणि २०१७ मध्ये त्यांनी ते जसंच्या तसं जगापुढे ठेवलं. आपल्याकडे असा अहवाल 'समाधानकारक' शेरा मारून कपाटात गेला असता.

आता व्यवहाराचं बोलू.

आयसीयूची ती नोकरी घेऊ नका. 'बेड भरलेले राहिले पाहिजेत' हे वाक्य तारीख घालून वहीत मात्र लिहून ठेवा, पुढे कामाला येईल.

परदेशातला प्रवेशही यंदा नको. गेलात तर मेडिकेअर उत्तम कळेल, पण मुकादम म्हणजे काय हे तिथे तुम्हालाच सगळ्यांना समजावून सांगावं लागेल, आणि तुमच्याकडे आज त्याबद्दल एका पेशंटपलीकडे काही नाही. आधी स्वतःच्या दवाखान्यात एकच गोष्ट मोजा. मोसम संपून लोक परत येतात तेव्हापासून सहा महिने, पक्षाघाताचा जो जो पेशंट तुमच्याकडे येईल त्याच्या घरच्यांना पाच प्रश्न: बीपी आहे हे आधी माहीत होतं का, गोळ्या शेवटच्या कुठून घेतल्या, किती दिवसांच्या मिळाल्या, किती दिवस घेतल्या, थांबल्या तेव्हा माणूस कुठे होता. प्रश्न विचारताना उत्तर सुचवू नका आणि औषधांच्या खोलीतलं साठा रजिस्टर शेजारी ठेवा. जवळच्या मेडिकल कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी आधी घ्या, नंतर नाही. रोगप्रतिबंधक विभागातला एखादा प्राध्यापक सोबत घेतलात तर तो हे सगळे कागद करून देईल, त्यांनाही पेपर हवेच असतात.

दरम्यान बीपीवरचं आपल्याकडचंच एक काम बारकाईने वाचा. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या अखेरीस पाच राज्यांत सुरू झाला, महाराष्ट्रात भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांपासून. त्यात नवं औषध काही नव्हतं. ॲम्लोडिपिन या बीपीच्या गोळीपासून सुरू होणारा एकच सोपा उपचारक्रम, महिन्याच्या गोळ्या एकदम, साठ्याचा आगाऊ अंदाज, चुकलेल्या पेशंटला फोन. दिसायला किती साधं. साताऱ्याकडे बघा मात्र. तुमच्या भागातले कोयते तिकडेच जातात. तिथल्या आरोग्य केंद्रातली बीपीची यादी गावातल्या लोकांची असते. फडावर उतरलेला माणूस त्या यादीत येतो का? दोन जिल्ह्यांच्या मधोमध, सहा महिने, तो कोणाच्याच यादीत नसेल तर तुमच्या आयुष्यभराला पुरेल एवढा विषय तिथे आहे.

हे सहा महिने झाल्यावर शिकायला जा. तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन केंद्र आहे, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आहे, देवनारलाच लोकसंख्याविज्ञान संस्था आहे, जिथून कुटुंब आरोग्य पाहणी चालते. तेव्हा परदेशाचा विचार पुन्हा केलात तरी माझी हरकत नाही, हातात प्रश्न घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याला तिथे खरंच मान मिळतो. संशोधनाला पैसे देणारी डीबीटी-वेलकमची इंडिया अलायन्स ही संस्था डॉक्टर-संशोधकांसाठी फेलोशिप देत आली आहे, तिच्यावर नजर ठेवा. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेने दवाखान्यांतल्या उपचारांना प्रत्यक्षात खर्च किती येतो याचा मोठा अभ्यास केला आणि आयुष्मानच्या पॅकेजचे दर सुधारताना त्याचा आधार घेतला गेला. असल्या कामाला हिशेब समजणारे डॉक्टर लागतात आणि ते मिळत नाहीत.

पैसे कमी मिळतील. तुमच्या बरोबरीचे लोक गाडी बदलतील तेव्हा तुम्ही अनुदानाचा तिसरा हप्ता का आला नाही म्हणून मेल लिहीत बसाल. पगार प्रकल्पावर असेल आणि प्रकल्प संपतात. नवऱ्याचा दवाखाना चालतो आहे ही तुमची शिष्यवृत्तीच आहे, तसं त्याला स्पष्ट सांगा, गृहीत धरू नका. मुलगी चार वर्षांची आहे तोवर घराजवळच्या दवाखान्यातलं मोजकाम करणं हे तिच्याही सोयीचं.

सासऱ्यांशी वाद घालू नका. त्यांना बीपी आहे का? असेल तर त्यांची गोळी कधी चुकते आणि का, ते विचारा. तुमची पहिली मुलाखत घरातच होईल, आणि कागदं कशासाठी रंगवायची तेही त्यांना कळेल.

एक शेवटचं. पाच प्रश्नांच्या वहीवर वैद्यकीय अधीक्षकांची परवानगीची सही या आठवड्यातच घ्या. तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल तक्रार नाही, म्हणजे माणूस बरा असावा. बदल्यांचा हंगाम जवळ आला आहे.

— तुमची,
डॉक्टर मॅडम